काळी तीन

शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ

भजनी मंडळातल्या दोघी आज भेटून गेल्या. निघताना एकीनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "वहिनी, पुनर्जन्मच झाला बघा तुमचा." मी मान डोलावली. तिच्या मायेबद्दल काहीच म्हणणं नाही, पण हे वाक्य ऐकून मला आता कंटाळा आलाय. पुनर्जन्म झाला असता तर गुडघेसुद्धा नवे मिळाले असते. जन्म तोच आहे, घर तेच, शिवाजी पेठेतली गल्लीही तीच. फक्त हृदयाच्या एका रक्तवाहिनीत आता स्टेंट आहे, आणि रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या वर्षभर तरी चुकवायच्या नाहीत.

हार्ट अटॅक आला त्या सकाळचं लिहायचं राहूनच गेलं होतं. भाकरी थापताना पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखायला लागलं. मग ते जबड्यात चढलं. छातीत कळ अशी नव्हतीच, नुसता दाब. आदल्या दिवशी मिसळ झाली होती, म्हणजे पित्तच असणार. ओवा चावला आणि तव्यावरची भाकरी उलटली. आत्या तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एवढ्या थंडीत घाम कुठला गं? गॅस बंद कर आधी." आणि ह्यांना हाक मारली ती अशी की शेजारची दारं उघडली. हे म्हणाले, थोडा वेळ बघूया. त्यावर आत्या जे बोलल्या ते इथं लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. बायकांनाही छातीत दुखतंच, पण पुष्कळदा पाठ, जबडा, मळमळ, घाम, दम असलं काहीतरी पुढं येतं आणि घरात पित्तावरचे उपाय सुरू होतात. त्यात जो वेळ जातो तेवढे हृदयाचे स्नायू मरतात आणि ते परत येत नाहीत. माझा वेळ वाचला. लोक म्हणतात, अंबाबाईची कृपा. आहेच. पण अंबाबाईनं त्या दिवशी लसूण सोलत बसलेल्या, शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला कामाला लावलं, हेही लिहून ठेवते.

अँजिओप्लास्टी उजव्या मनगटातून करणार म्हटल्यावर मी त्या अवस्थेतही बोलले, "डॉक्टर, मी पेटी वाजवते." टेबलाजवळची सिस्टर हसली, डॉक्टर हसले नाहीत. माझ्या मनगटाच्या दोन्ही नाड्या दाबून एक सोडून बघितली आणि म्हणाले, "हाताला रक्त दोन वाटांनी येतं. दुसरी वाट चांगली आहे. वाजवाल." एवढं धावपळीचं काम, तरी हा माणूस माझ्या बोटांसाठी थांबला. पुढं कितीतरी दिवस मनगट हिरवं-निळं होतं. ते बघितलं की मला स्टेंट आठवायचा नाही, तो शब्द आठवायचा. वाजवाल.

ह्यांचं काय लिहू? उद्यमनगरात लेथवर आयुष्य गेलेला माणूस. घरी आल्यावर माझ्या गोळ्यांचं वेळापत्रक ह्यांनी कारखान्याच्या जॉबकार्डावर लिहिलं: गोळी, वेळ, खूण, सही. सहीसुद्धा! तेलाचं तर विचारूच नका. डोई महिन्याला अर्धा लिटर हे कुठंतरी वाचलं आणि बाटलीवर मार्करनं रेघा मारल्या. मी म्हटलं, फोडणीला काय व्हर्नियर लावू? तर खरंच विचार करायला लागले.

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला नेतात. शालिनी पॅलेसच्या बाजूनं सुरू करायचं आणि संध्यामठ दिसला की बाकावर बसायचं. हे कधी पुढं जात नाहीत. मी हळू झाले की हळू, मी थांबले की तळ्याकडं बघण्याचं निमित्त. पेटीची साथ करणारा असाच गवयाच्या किंचित मागं असतो, जागा सोडतो पण सूर सोडत नाही. ह्या माणसाला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे जाता जाता नमूद करते.

पेटीला दवाखान्यातून आल्यावर बरेच दिवस हात लावला नव्हता. वजन उचलायचं नाही असं सांगितलेलं, आणि मला वाटतं थोडी भीतीही होती. एक दिवस दुपारी उठून बघते तर पेटी खोलीच्या मधोमध आणि हे तिच्यासमोर उकिडवे. भात्याच्या घडीतून हवा जाते ही माझी जुनी तक्रार. ह्यांनी चप्पल लाईनमधल्या ओळखीच्या कारागिराकडून कातड्याचा तुकडा आणला होता. कोल्हापुरीच्या वेणीला लागतं ते शेळीचं पातळ कातडं. सरस लावून, घडी मोडू न देता असं बसवलं की मेस्त्रीनंही मान्य करावं. "बघ, दम टिकतो का," म्हणाले. भात्याबद्दल म्हणाले की माझ्याबद्दल, मी विचारलं नाही. आभार वगैरे मानायची आमच्या घरात पद्धत नाही. मी त्या दिवशी वाटीभर भडंग पुढं ठेवला, तेल मोजूनच.

दम अजून पुरत नाही, हे खरं. लांब आलाप मध्येच तुटतो. मंडळात मी पेटीबरोबर गातेही, तिथं अडचण होईल. अशा वेळी अल्लादिया खाँसाहेब आठवतात. तरुणपणी अति गाऊन त्यांचा आवाज गेला आणि परतला तो पहिल्यासारखा नाही. मग त्या आवाजाला मानवेल अशी गायकी त्यांनी घडवली, असं सांगतात. शाहू महाराजांच्या दरबारात, आपल्या कोल्हापुरात ते आले ते त्यानंतर. आमच्यासारख्या शुक्रवारच्या भजनवाल्या बायकांनी त्यांचं नाव घ्यावं का, हा प्रश्न आहेच. पण मी सध्या छोट्या छोट्या ओळी घेते, आणि काही शब्द त्यामुळे जास्त नीट ऐकू येतात असं मला वाटतं. बाकीच्यांना काय वाटतं ते पुढच्या शुक्रवारी कळेल.

नात सुट्टीला पुण्याहून आलीय. आल्या दिवसापासून पेटीला चिकटलीय. तिला काळी तीन, म्हणजे सप्तकातली तिसरी काळी पट्टी दाखवली आणि सांगितलं, हा सा. इथून फक्त काळ्या पट्ट्या वाजवत वर जा. सा रे ग प ध, पुन्हा सा. भूप राग झाला! पोरीला खरंच वाटेना. पांढरीला चुकूनही बोट लागू द्यायचं नाही, हा तिला खेळच झाला. भाता मी मारते डाव्या हातानं, बोटं तिची. उजव्या मनगटाला विश्रांती आणि वर ऐकायला भूप, ह्यापेक्षा बरं औषध जॉबकार्डावर नाही.

आज तिला पुढचं सांगितलं. त्याच पाच काळ्या पट्ट्या, पण आता काळी एकला सा म्हण. मग तो भूप राहत नाही, दुर्गा होतो. तिनं चार वेळा वाजवून खात्री केली आणि मोठ्यांदा विचारलं, "आजी, मग पांढऱ्या कधी?"

आतल्या खोलीतून आत्या ओरडल्या, "पांढरा न्हाई आणि तांबडाबी न्हाई! डॉक्टरनं सांगितलंय, रस्सा बंद!"