फोटो धुवायला टाकलेस का?

आई अजूनही असंच विचारते. छत्तीसचा रोल संपला की तो मारुती चौकातल्या स्टुडिओत जायचा आणि चार दिवसांनी 'धुऊन' यायचा, तेव्हापासूनची सवय.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेनं हा शब्द भलताच मनावर घेतला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी 45 फुटांना धोक्याची खूण. ती मागे टाकून पाणी गावभागात, आमच्या घरात शिरलं. ओसरल्यावर खालच्या फळीवरचे अल्बम निघाले ते विटांसारखे. पानं सोडवायला गेलं की चेहरे प्लास्टिकला चिकटून यायचे. जेवढे सुटले तेवढे आईनं दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. माझ्या मुंजीतले आजोबा आता कमरेखालीच उरलेत.

धाकट्याचं लग्न तेवढं वाचलं, कारण मी ते कधी कॅमेऱ्यातून उतरवलंच नव्हतं. कॅमेरा माळ्यावर, लग्न त्याच्या पोटात. आळसानं घराण्याची एवढी सेवा पहिल्यांदाच केली.

मग उतरवायला बसलो. कॅमेऱ्याचं भोक जुन्या मिनी यूएसबीचं, घरातली एकही मोबाइलची वायर त्यात जाईना. शेवटी भाच्याचा कार्ड रीडर आणला. कार्डात 'डीसीआयएम' नावाचं फोल्डर. नाव एखाद्या सरकारी खात्याला शोभेल असं. कॅमेऱ्याची मोजणी 9999 पर्यंत जाऊन पुन्हा 0001 पासून सुरू झालेली, त्यामुळे दोन फोटो एकाच नावाचे. कॉम्प्युटरनं शांतपणे विचारलं, जुन्याच्या जागी नवा ठेवू का? 'हो' म्हणालो असतो तर साखरपुडा पुसून त्या जागी बारसं आलं असतं. त्यात लग्नाआधी बॅटरी पार उतरून घड्याळ मागे गेलेलं; कॅमेऱ्याच्या हिशेबी अख्खं लग्न 1 जानेवारीला लागलं. मुहूर्त कुठल्या पंचांगातला, देव जाणे.

प्रिंट आणल्या. आईनं चष्मा लावला.

"अरे, याचा फेटा कुठाय?"

फेटा खरंच अर्धा गायब. आमचा कॅमेरा चारास तीन या मापात फोटो काढतो आणि कागद सहा बाय चारचा. कागद भरायचा तर उंचीतला नववा हिस्सा कापावाच लागतो, आणि आपल्याकडे त्या नवव्या हिश्श्यातच फेटे, मुंडावळ्या आणि उंच मामेभाऊ असतात.

परत स्टुडिओत गेलो. न कापता काढा म्हटलं.

"दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी राहील हां."

"राहू दे."

नव्या प्रिंट आईनं स्टीलच्या डब्यात भरल्या, झाकण दाबून लावलं आणि डबा माझ्या हाती देऊन वर बोट दाखवलं. मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. खालून तिनं विचारलं, "आणि ते कार्ड? तेही ठेव वर. धुऊन झालंय ना आता?"