दहा मीटरवरचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

जर्मनीच्या बव्हेरिया राज्यातील लहान गावांत चर्च, स्वयंसेवी अग्निशमन दल आणि खाणावळ यांच्या जोडीला बहुधा आणखी एक संस्था असते, ती म्हणजे शुत्सनफेराइन, अर्थात नेमबाजी मंडळ. म्युनिकच्या उत्तरेला मी ज्या गावात राहते, तेथील मंडळाची रेंज खाणावळीच्या तळघरात आहे. खाली उतरणाऱ्या जिन्याच्या भिंतीवर जुन्या लग्नांच्या, वाढदिवसांच्या आणि मंडळाच्या वर्धापनदिनांच्या स्मरणार्थ रंगवलेल्या गोल लाकडी फळ्या टांगलेल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेकांवर छर्ऱ्यांची छिद्रे तशीच जपलेली दिसतात. सरावाच्या संध्याकाळी तेथे शाळकरी मुली, दवाखान्यातून थेट आलेली परिचारिका आणि सत्तरी ओलांडलेले शेतकरी शेजारी शेजारी उभे राहतात. वयामुळे ज्यांना रायफल पेलून धरता येत नाही, त्यांच्यासाठी ती आधारावर टेकवून खेळण्याचा वेगळा प्रकार आहे, आणि त्याच्याही रीतसर स्पर्धा होतात.

आपल्याकडे नेमबाजीची आठवण ऑलिम्पिक पदकाच्या बातमीबरोबर येते आणि त्या बातमीबरोबरच मावळते. हा खेळ नेमका कसा खेळला जातो, त्यात कठीण काय असते, हे पदकाचा आनंद मनापासून साजरा करणाऱ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. म्हणून मी येथे फक्त एका प्रकाराविषयी, दहा मीटर एअर रायफलविषयी, सविस्तर लिहिते, कारण बहुतेक नेमबाजांची सुरुवात त्यातूनच होते.

या प्रकारात ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेच्या जोरावर सुटतो. लक्ष्याचा पूर्ण व्यास ४५.५ मिलिमीटर असतो आणि मध्यभागचा दहा गुणांचा भाग म्हणजे केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. दहा मीटरवरून हा ठिपका डोळ्यांना दिसतच नाही. दिसते ते त्याच्याभोवतीचे ३०.५ मिलिमीटरचे काळे वर्तुळ. रायफलच्या मागच्या टोकाला पीप साइट नावाचे बारीक छिद्र असते आणि पुढच्या टोकाला एक कडे. छिद्रातून पाहताना कड्याच्या बरोबर मध्ये ते काळे वर्तुळ बसवायचे आणि त्यांच्यामधली पांढरी फट सर्व बाजूंनी सारखी ठेवायची, एवढेच डोळ्यांचे काम. छर्ऱ्याची कड ठिपक्याला शिवली की दहा गुण मिळतात. त्यापुढे दशांशाचे गुण सुरू होतात. सर्वोच्च १०.९ गुण मिळवायचे असतील, तर छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत पडावे लागते.

एवढ्या सूक्ष्मतेकडे पाहिल्यावर कोणालाही वाटेल की हा डोळ्यांचा आणि बोटांचा खेळ असावा. माझ्या मते तो सर्वांत आधी उभे राहण्याचा खेळ आहे, आणि आमच्या मंडळातील प्रशिक्षक नवशिक्याला छर्रा हातात देण्याआधी बराच काळ फक्त उभे राहायला शिकवतात, ते याच कारणाने. उजव्या खांद्यावर रायफल घेणारा नेमबाज लक्ष्याकडे डावी कुशी करून उभा राहतो, पाठीचा वरचा भाग किंचित मागे झुकवतो आणि डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. नियमानुसार साडेपाच किलोपर्यंत भरू शकणारी ती रायफल अशा वेळी दंडाच्या जोरावर पेललेली नसते. तिचे वजन हाताच्या हाडातून कमरेवर, कमरेवरून पायात आणि पायातून जमिनीत उतरते. स्नायू थकतात आणि थरथरतात, हाडे थरथरत नाहीत, असे साधे शरीरशास्त्र त्यामागे आहे. कॅनव्हास आणि चामड्याचा जाड कोट, तशीच पँट आणि सपाट तळाचे बूट हे या स्थितीला आधार देण्यासाठी असतात, आणि तो आधार मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून स्पर्धेपूर्वी कापडाची जाडी आणि ताठरपणा उपकरणाने मोजला जातो.

या उभे राहण्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी कसोटी अशी आहे. रायफल खांद्याला लावून, नेम धरून डोळे मिटायचे, शांतपणे श्वास घ्यायचा आणि मग डोळे उघडायचे. नेम तेवढ्यात डावीकडे सरकलेला असेल, तर शरीराला स्वभावतः डावीकडेच पाहायचे आहे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी हाताने रायफल ओढून मध्यावर आणणे हा नवशिक्याचा पहिला आवेग असतो, परंतु तो उपयोगाचा नाही, कारण ट्रिगर दाबण्याच्या क्षणी हाताचा तो ताण थोडा जरी सैल झाला तरी छर्रा पुन्हा डावीकडेच जातो. त्याऐवजी पाऊल काही मिलिमीटर फिरवून संपूर्ण शरीरच लक्ष्याच्या रेषेत आणावे लागते.

त्यानंतर श्वास अर्धा सोडून थांबवायचा. पुढच्या सहा ते आठ सेकंदांत नेम स्थिरावतो आणि त्याच अवधीत ट्रिगरवरचा दाब हळूहळू वाढवून छर्रा सोडायचा असतो. तो अवधी निघून गेला, की डोळा थकतो, रक्तातील प्राणवायू कमी होतो आणि मन घाई करू लागते. तेव्हा रायफल खाली घ्यावी, श्वास घ्यावा आणि सर्व क्रिया पहिल्यापासून करावी. नेम धरलेला असताना, गुण हवे असताना, न मारता परत येणे ही या खेळातील सर्वांत अवघड गोष्ट आहे आणि उत्तम नेमबाज तिच्यावरूनच ओळखू येतो, असे माझे ठाम मत झाले आहे. छर्रा सुटल्यावरही तो लगेच मान वर करत नाही, क्षणभर तसाच नेम धरून राहतो, कारण छर्रा नळीतून बाहेर पडेपर्यंतची किंचितशी हालचालही लक्ष्यावर उमटते.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पात्रता फेरीसाठी ६० फैरी आणि एक तास १५ मिनिटे मिळतात. त्यातून निवडलेल्या आठ जणांची अंतिम फेरी शून्यापासून सुरू होते आणि बाराव्या फैरीनंतर दर दोन फैरींनी शेवटचा खेळाडू बाहेर पडतो. जर्मनीतील बुंडेसलिगाचे, म्हणजे मंडळांच्या संघांमधल्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे, स्वरूप याहून वेगळे आहे. तेथे प्रत्येक संघात पाच जण असतात, स्त्रिया आणि पुरुष एकाच संघातून एकमेकांविरुद्ध ४० फैरींच्या लढती खेळतात, आणि प्रेक्षक ढोल व टाळ्यांचा गजर करत असतात. त्या गोंगाटात १०.५ गुण मारणाऱ्या विशीतल्या मुलीला मी पाहिले, तेव्हा एकाग्रतेसाठी शांतता लागते ही माझी समजूत कायमची बदलली. गावातील मंडळाची रीत पुन्हा निराळी. वर्षाचा ‘राजा’ निवडताना एकूण गुण मोजत नाहीत, एकच सर्वोत्तम फैर मोजतात आणि केंद्रापासूनचे तिचे अंतर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मांडतात. त्यामुळे अनुभवी खेळाडूंना मागे टाकून एखादी नवखी व्यक्तीही राजाचा मान म्हणून मिळणारी चांदीची साखळी गळ्यात घालू शकते.

म्युनिकजवळ राहणाऱ्या मराठी माणसाला या खेळाचे अगत्य वाटावे, याला आणखी एक कारण आहे. १९७२ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेली रेंज येथून जवळच होखब्र्युक येथे आहे. याच म्युनिकमध्ये ऑगस्ट २०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथे पडून खेळायच्या, रायफल प्रकारात ६०० पैकी ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद पटकावले आणि नेमबाजीत असे अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. २०१९ मध्ये येथील विश्वचषकात कोल्हापूरच्याच राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकून टोकियो ऑलिम्पिकसाठी भारताचा कोटा, म्हणजे प्रवेशाची एक जागा, मिळवला. मंगोलियासाठी आणि नंतर जर्मनीसाठी ऑलिम्पिक पदक जिंकलेल्या मुंखबायार दोर्जसुरेन तिच्या प्रशिक्षक होत्या. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे, म्हणजे तीन स्थितींत खेळायच्या प्रकाराचे, कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून आणि पालथे पडून खेळून झाल्यावर तो पहिल्या तिघांत नव्हता, उभ्याने खेळताना तो तेथवर पोचला. आमच्या प्रशिक्षकांना ती अंतिम फेरी मी पुन्हा दाखवली, तेव्हा ते गुणांकडे पाहत नव्हते, त्याच्या कमरेकडे आणि पावलांकडे पाहत होते.

बंदुकीविषयी पालकांना भीती वाटणे स्वाभाविक आहे, आणि जर्मन कायदाही तिला हलके मानत नाही. बारा वर्षांखालील मुले सहसा प्रकाशकिरण सोडणाऱ्या रायफलवर शिकतात. बारा वर्षे पूर्ण झाल्यावर पालकांच्या संमतीने आणि पात्र व्यक्तीच्या देखरेखीखाली एअर रायफल हाताळता येते. खऱ्या काडतुसाचे शस्त्र स्वतःच्या मालकीचे हवे असेल, तर किमान वर्षभर नियमित सराव, शस्त्रज्ञानाची परीक्षा, पार्श्वभूमीची तपासणी आणि घरी ठराविक दर्जाची तिजोरी लागते. २००९ मध्ये विनेंडेन येथील शाळेत झालेल्या हत्याकांडानंतर हे नियम आणखी कडक झाले.

घरी कोणाला हा खेळ सुरू करायचा असेल, तर रायफल विकत घेण्याची घाई करू नये. उल्मच्या वाल्थर आणि अन्शुत्झ किंवा ओबर्नडॉर्फच्या फाइनवेर्कबाऊ या कंपन्यांच्या रायफली, ज्या भारतातील रेंजवरही दिसतात, फार महाग असतात, आणि येथील मंडळांतही नवशिके प्रथम मंडळाचीच रायफल वापरतात. रेंज निवडताना यंत्रसामग्रीपेक्षा प्रशिक्षक पहिल्या दिवसांत काय शिकवतात ते पाहावे: नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेने ठेवणे, मारायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर ठेवणे आणि छर्रा न भरता रोज घरच्या भिंतीसमोर उभे राहणे. हा छर्ऱ्याविना सराव जगातील अव्वल नेमबाजही करतात आणि त्याला एक मोकळी भिंत पुरते.