यंत्रमागावर कॅमेरा बसवताना

ताण्याचा, म्हणजे कापडाच्या लांबीतला उभा, एखादा धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर कापडात उभी रेघ पडते. ती दिसते तेव्हा बहुतेक वेळा तागा उतरलेला असतो. इचलकरंजीत मामांच्या शेडमध्ये जुने साधे माग आहेत, धागा तुटल्यावर ते आपोआप थांबत नाहीत. त्यांतल्या एका मागावर रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा संगणक आणि कॅमेरा लावून ही रेघ विणतानाच पकडायची, हे काम मी अंगावर घेतलं.

यूएसबी वेबकॅम घेतला नाही, त्यामागे साधा हिशोब होता. १९२० बाय १०८० चं चित्र, दर पिक्सेलला १६ बिट, सेकंदाला ३० चित्रं म्हणजे जवळजवळ १ गिगाबिट. यूएसबी २.० चा वेग ४८० मेगाबिट. म्हणून असे कॅमेरे चित्र जेपेगमध्ये दाबून पाठवतात, आणि त्या दाबण्यात नेमकी सुतासारखी बारीक रेघ पुसट होते. पायच्या सीएसआय या कॅमेऱ्यासाठीच्या जोडणीत, तिच्या चपट्या केबलमधून, मात्र सेन्सरचा कच्चा डेटा थेट बोर्डावरच्या आयएसपीकडे, म्हणजे चित्र तयार करणाऱ्या भागाकडे जातो. मी घेतलेला ८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आयएमएक्स२१९ सेन्सरचा. त्याची लेन्स दूरच्या दृश्यासाठी बसवलेली असते. कापड फुटाभरावर, म्हणून ती प्लॅस्टिकच्या चावीने फिरवून फोकस जुळवला. कॅमेऱ्याचा दांडा मागाच्या सांगाड्याला न जोडता वरच्या तुळईला जोडला, नाहीतर प्रत्येक ठोक्याला चित्र हललं असतं.

खरा वेळ गेला तो उजेडावर. चित्रात आडवे फिकट-गडद पट्टे सरकत होते. मामा म्हणाले, “अरे, ही बाण्याची पट्टी आहे का?” म्हणजे आडव्या धाग्यांतला दोष. पण कापड स्वच्छ होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. हा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ टिपतो. एक्सपोजर, म्हणजे प्रत्येक ओळ उजेड गोळा करते तो वेळ, कमी असेल तर एका ओळीला दिव्याचा चढ मिळतो, दुसरीला उतार. एक्सपोजर बरोबर १० मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत ठेवलं की प्रत्येक ओळीला उजेडाची पूर्ण लाट मिळते आणि पट्टे जातात. मागावर कापड मिनिटाला काही इंचच पुढे सरकतं, त्यामुळे १० मिलिसेकंदांत धूसर होण्याची भीती नाही. त्याच वेळी आपोआप बदलणारा गेन (चित्राचा उजळपणा वाढवणं) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हेही बंद केले. कॅमेरा स्वतःच उजेड सावरत बसला, तर आजच्या आणि कालच्या चित्राची तुलना करणार कशी?

मग कापडाखाली डीसीवर चालणारी एलईडी पट्टी टाकली. धागा गेला की तिथून उजेड आरपार येतो. एवढं झाल्यावर प्रोग्राम फारच छोटा उरला. पिकॅमेरा२ या पायच्या कॅमेरा-लायब्ररीतून चित्र वाययूव्ही४२० स्वरूपात (उजळपणा आणि रंग वेगळे ठेवणाऱ्या) घेतलं की पहिला वाय, म्हणजे उजळपणाचा, थर हेच करडं चित्र असतं, रंगांत बदलून परत करडं करायची गरज नाही. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी जुळणीसाठी भरलेले बाइट येतात, ते कापून टाकायचे. नंतर प्रत्येक उभ्या स्तंभाची सरासरी काढून शेजारच्या स्तंभांशी ताडायची. कापसाचा तंतू किंवा गाठ सरासरीत विरून जाते, वरपासून खालपर्यंत गेलेली रेघ तेवढी उंच टोक काढते. लोक यासाठी सरळ न्यूरल नेटवर्ककडे धावतात. माझ्या मते सपाट, साध्या विणीच्या ग्रे (न धुतलेल्या, न रंगवलेल्या) कापडाला त्याची गरज नाही. उजेड नीट लावा, बेरीज-भागाकार पुरतो.

रेघ सापडली की रिलेवरून (विजेवर चालणाऱ्या स्विचवरून) मागावरचा लाल दिवा लागतो. माग थांबवून धागा जोडायचं काम कामगाराकडेच ठेवलं आहे.

अडचण उरली ती रुंदीची. फुटाभरावरून एक कॅमेरा साधारण १४ इंच पाहतो आणि कापड ४८ इंची. कॅमेरा वर नेला तर एका धाग्याला पुरेसे पिक्सेल उरत नाहीत. नव्या रास्पबेरी पाय ५ ला कॅमेऱ्याची दोन कनेक्टरं आहेत, २२ पिनांची, म्हणजे केबलही वेगळी लागते. दोन बोर्डांवर चार कॅमेरे बसवले की पूर्ण पन्हा नजरेखाली येईल. त्यासाठीचा दांडा सध्या वेल्डिंगला दिला आहे.