आनंदीबाईंच्या दगडावरची अक्षरं

पहिल्या खेपेला मी जुलैमध्ये गेले, तीही भर दुपारी. दगड सापडला, फोटो काढले, आणि रात्री कल्याणला आईला पाठवले. सकाळी तिचा फोन आला. "अगं, दगड दिसतोय, झाड दिसतंय. पण तिचं नाव कुठंय?"

फोटो मोठा करून पाहिला. खरंच, वाचता येत नव्हतं. डोक्यावरच्या उन्हाने अक्षरं दगडात मिसळून गेली होती.

हा दगड आहे डॉ. आनंदीबाई जोशींचा. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या काठच्या पोकिप्सी गावातल्या रूरल सिमेट्रीमध्ये. कल्याणला वाढलेली यमू, लग्नानंतर आनंदी झाली, १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने, नवरा सोबत नसताना, अमेरिकेला आली आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, क्षयाने ती पुण्यात गेली. तिच्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, तिची रक्षा थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे अमेरिकेला पाठवली. न्यू जर्सीतल्या रोझेलच्या या बाईंनी तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणायच्या. मावशींनी ती रक्षा आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरली आणि वर दगड बसवला. मी कल्याणची, आणि आता रोझेलपासून गाडीने अर्ध्या तासावर राहते. त्यामुळे तो दगड नीट वाचता येईल असा फोटो आईच्या हातात पडला पाहिजे, हे मी मनावरच घेतलं.

दफनभूमीत कॅमेरा घेऊन फिरायची सवय मला त्याआधीची. नोकरीच्या पहिल्या वर्षी बॉस्टनला होते, ऑफिसपासून जवळच ग्रॅनरी दफनभूमी. १६६० सालची. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे जायचे. पॉल रिव्हिअर, सॅम्युएल ॲडम्स, जॉन हॅनकॉक अशी मोठी माणसं तिथे आहेत, पर्यटक त्यांच्यासाठी येतात. मला ओढ लागली ती बाजूच्या अनाम वाटणाऱ्या पाट्यांची. काळसर स्लेटच्या पातळ पाट्या, वर पंख फुटलेली कवटी कोरलेली. पुढच्या पिढ्यांत त्या कवटीचा हळूहळू देवदूताचा गोल चेहरा होतो, आणि एकोणिसाव्या शतकाच्या तोंडावर त्या जागी रक्षापात्र आणि त्यावर झुकलेलं विलोचं झाड येतं. मरणाकडे बघायची नजर कशी बदलत गेली ते एकाच कुंपणाच्या आत पायी चालत बघता येतं.

त्या पाट्यांवरचं इंग्रजी वाचायला मला बरेच दिवस लागले. शब्दाच्या मधला 'एस' उंच आणि 'एफ'सारखा, 'द' लिहायला 'वाय' आणि त्याच्या डोक्यावर बारीकसा 'ई'. मोडी शिकताना लागतं तसंच इथेही लागतं: एक अक्षर ओळखीचं झालं की त्याच्या आधाराने पुढचं.

एक गोष्ट मात्र मला उलटी वाटायची. सतराशे पन्नासची स्लेटची पाटी काल कोरल्यासारखी, आणि तिच्यापेक्षा शंभर वर्षांनी नवा पांढरा संगमरवर भिजलेल्या साखरेसारखा विरघळलेला. कारण साधं आहे. संगमरवर म्हणजे चुनखडीचाच भाऊबंद, पावसातलं आम्ल त्याला खातं. स्लेटला त्याचं फारसं काही होत नाही. अधूनमधून निळसर राखाडी रंगाचं, अक्षरं अगदी लख्ख असलेलं स्मारक दिसतं. बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज येतो. ते दगडाचं नसतंच, जस्ताचं असतं. कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्टला ती ओतली जायची आणि 'पांढरं ब्राँझ' म्हणून विकली जायची.

माझ्या हातून एक चूक तेव्हाच झाली, ती सांगायलाच हवी, कारण आजही अनेक जण ती करतात. पुसट झालेल्या एका संगमरवरावर अक्षरं उठून दिसावीत म्हणून मी घरून नेलेलं गव्हाचं पीठ चोळायला घेतलं. कुठेतरी वाचलं होतं. तिथे फोटो काढणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनी लांबूनच हात केला. जवळ आले, रागावले नाहीत. म्हणाले, पीठ दगडाच्या छिद्रांत बसतं, ओल धरतं, त्यावर बुरशी वाढते. दाढीचा फेसही तसाच वाईट, खडूने ओरखडे पडतात, तारेच्या ब्रशने तर वरचा थरच निघतो. कागद ठेवून पेन्सिल घासायलाही बॉस्टनच्या जुन्या दफनभूमींत बंदी आहे. "दगडाला काही लावायचं नाही. उजेड लावायचा." हे त्यांचं वाक्य मी तेव्हापासून सोडलेलं नाही.

उजेड लावायचा म्हणजे आरशाने. हातातला छोटा आरसा चालत नाही. दाराच्या मागे लावतात तो उभा, माणसाएवढा लागतो. दगडाच्या तोंडासमोर नाही, बाजूला काही पावलांवर उभं राहायचं, ऊन आरशात घ्यायचं आणि ते दगडावर तिरपं, जवळजवळ घासून जाईल असं टाकायचं. मग प्रत्येक खाचेची एक कड उजळते आणि दुसरीत सावली साचते. दिवाळीत पणतीच्या उजेडात भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो ना, तसंच. दगड स्वतः सावलीत असला तर आणखी चांगलं. सूर्य खाली असतो तेव्हा, म्हणजे सकाळी लवकर किंवा दुपार कलल्यावर, आणि ऋतू म्हणाल तर पानगळीनंतर, हे काम सोपं जातं.

म्हणून दुसरी खेप ऑक्टोबरमध्ये. आदल्या आठवड्यात सिमेट्रीच्या ऑफिसला फोन करून कोणत्या भागात कॅमेरा आणि आरसा घेऊन येणार ते सांगितलं. परवानगी लागो न लागो, मी फोन करतेच. त्या दिवशी कुणाचा अंत्यविधी असेल तर आपण त्या बाजूला दिसताही कामा नये. आरसा आजीच्या गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर आडवा ठेवला. सोबत चौदा वर्षांची लेक, आरसा धरायला. दोघींनी पँटचे पाय मोज्यांत खोचले. हडसनच्या खोऱ्यात गवतात बारीक गोचिडी असतात, लाइम रोग त्यांच्यामुळेच होतो, आणि घरी गेल्यावर अंग तपासल्याशिवाय मी कुणाला झोपू देत नाही.

अशा सिमेट्रीत पहिल्यांदा जाणाऱ्याला ही बागच वाटते. १८३१ मध्ये बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न सुरू झाली, तिथून ही 'रूरल' पद्धत पसरली: गावाबाहेर टेकड्या, वळणाचे रस्ते, मोठाली झाडं. शहरांत सार्वजनिक बागा नव्हत्या तेव्हा लोक रविवारी इथे फिरायला यायचे. पोकिप्सीतही तसंच आहे. त्या दिवशी मेपल लालभडक झाले होते, पण आम्ही थांबलो नाही, ऊन निसटलं असतं.

लेकीने आरसा उभा केला. पहिल्यांदा उजेड झाडावर गेला, मग गवतावर. "थोडा डावीकडे. आता वाकव. अजून." तिचे हात थरथरत होते, आरसा जड असतो. आणि मग उजेडाचा तो पट्टा सरकत सरकत दगडावर आला आणि अक्षरं एकेक करून वर आली. आनंदीबाई. मग जोशी, शेवटी दोन 'ई' असलेलं, ती स्वतः सही करायची तसं. पुढे एम.डी. खाली १८६५ आणि १८८७. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं त्याखाली.

मी फोटो काढत राहिले. लेक आरशामागून म्हणाली, "आई, ही माझ्याएवढी असताना तिला बाळ झालं होतं ना?" मी हो म्हटलं. ते दहा दिवसांत गेलं, औषधोपचार मिळाले नाहीत, आणि तेव्हाच तिने डॉक्टर व्हायचं ठरवलं, हेही सांगितलं. ती काही बोलली नाही. पण आरसा खाली घेऊ म्हटलं तर, "थांब, अजून एक काढ," म्हणाली.

दगडाच्या पायाशी वाळकी पानं साचली होती, ती हाताने बाजूला केली. आईने दिलेलं हळदी-कुंकू पुडीतच ठेवलं. लावायची फार इच्छा झाली, पण दगडाला काही लावायचं नाही. पुडी कपाळाला टेकवून परत पर्समध्ये ठेवली.

त्या रात्री आईला एकच फोटो पाठवला. तिकडे सकाळ झाली होती. व्हिडिओ कॉलवर तिने चष्मा कपाळावर सरकवला, फोन डोळ्यांपाशी नेला आणि बोटाने फोटो मोठा करत एकेक अक्षर मोठ्याने वाचायला लागली. "ए... एन... ए..." पूर्ण नाव वाचून होईपर्यंत मी मध्ये बोलले नाही.