तेईदेचा माथा: परवाना, बस आणि वारा

स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी टेनेरिफला जायचं ठरलं तेव्हा घरात प्रत्येकाची अट वेगळी होती. नवऱ्याला समुद्र हवा, सासूबाईंना थंडी नको आणि मला तेईदे चढायचा. तेईदे म्हणजे स्पेनमधलं सगळ्यात उंच शिखर, ३,७१५ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी वर चारशे मीटर उरतात. ज्वालामुखी अजून जिवंत आहे. त्याच्या परिसरातला शेवटचा उद्रेक १९०९ मध्ये चिन्येरो इथे झाला.

कॅनरी बेटं स्पेनची असली तरी नकाशात ती आफ्रिकेला खेटून आहेत. व्हिसा मात्र नेहमीचा शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच), बेटांसाठी वेगळं काही लागत नाही. बँकेची कागदपत्रं, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा वगैरे सगळ्यांना पाठच असतं, त्यावर वेळ घालवत नाही. माझा जीव अडकला होता तो शिखराच्या परवान्यात.

भानगड अशी आहे की केबल कार ३,५५५ मीटरपर्यंतच जाते. तिथून माथ्यापर्यंतची शेवटची पायवाट तेलेस्फोरो ब्राव्हो या तिथल्याच भूवैज्ञानिकाच्या नावाने आहे आणि आम्ही गेलो तेव्हा तिच्यावर दिवसाला फक्त २०० माणसं सोडत. परवाना ऑनलाइन काढायचा. त्यावर नाव, पासपोर्ट नंबर, तारीख आणि दोन तासांची ठरलेली वेळ. हा कोटा कित्येक आठवडे आधीच संपतो. आम्ही काढला तेव्हा पैसे पडले नव्हते, पण नियम अधूनमधून बदलतात, जाण्याआधी ताजे बघून घ्या. व्हिसा हातात यायच्या आधीच माझ्याकडे ज्वालामुखीवर चढायची परवानगी आली होती. नवरा म्हणाला, "अगं, देशात शिरायची परवानगी नाही आणि तू शिखरावर पोचलीससुद्धा!"

वेळ मी दुपारी एक ते तीनची घेतली, ती बसमुळे. आम्ही उतरलो होतो उत्तरेला पुएर्तो दे ला क्रूझमध्ये. तिथून तेव्हा तेईदेला सकाळी एकच सरकारी बस जायची आणि दुपारी एकच परत यायची. गाडी भाड्याने घेणाऱ्यांना हा हिशोब करावा लागत नाही, पण घाटात उलट्या बाजूने गाडी चालवायला आमच्यापैकी कोणी तयार नव्हतं. बस, केबल कारची वेळ आणि परवान्याची वेळ, तिन्ही एका रेषेत आणायच्या आणि शिवाय पासपोर्ट मूळ हवा, झेरॉक्स चालत नाही.

हॉटेलजवळच्या एका टूरवाल्याकडे "तेईदे शिखर सहल" अशी मोठी पाटी होती. गंमत म्हणून विचारलं, परवाना तुम्हीच काढता का? तर म्हणे, त्याची गरजच नाही, केबल कार थेट वर नेते. वर म्हणजे ३,५५५ ला! तिथे तेव्हा बिनपरवान्याचे दोन रस्ते होते, देखावाही उत्तम, पण त्याला शिखर म्हणून विकणं मला पटलं नाही.

सगळं जमवलं तरी शेवटचा शब्द वाऱ्याचा. जोराचा वारा सुटला की केबल कार बंद, आणि परवाना दुसऱ्या दिवशी चालत नाही. आमच्या आदल्या दिवशी ती बंदच होती. त्या रात्री नवरा शांत घोरत होता आणि मी दर तासाला खिडकीबाहेरचं ताडाचं झाड हलतंय का बघत होते.

हृदयविकार असलेल्यांनी केबल कारने वर जाऊ नये असं सांगतात. सासूबाईंची अँजिओप्लास्टी झालेली, त्यामुळे त्यांचा बेत वेगळा होता: शेजारचं ला ओरोतावा गाव. तिथे जूनच्या सुमारास कॉर्पस क्रिस्टी या ख्रिस्ती सणासाठी नगरपालिकेसमोरचा अख्खा चौक तेईदेच्या रंगीत मातीने भरतात. रंग मिसळलेला नाही, मातीच मुळात लाल, पिवळी, करडी, काळी. त्याची तयारी चालू होती. संस्कार भारतीच्या रांगोळ्या काढण्यात आयुष्य गेलेली बाई त्या चौकाच्या कडेला खुर्ची टाकून बसली, ती दुपारपर्यंत हलली नाही.

आमची बस केळीच्या बागांतून निघाली. उत्तरेच्या अंगाला व्यापारी वारे ढग आणून आपटतात, म्हणून तो भाग हिरवा आणि दक्षिण रखरखीत. पाइनच्या जंगलात धुकं लागलं, इतकं दाट की वायपर चालू. मग एका वळणावर बस ढगांच्या वर निघाली आणि लख्ख ऊन. रस्त्याच्या कडेला ताहिनास्ते या तिथल्या फुलझाडाचे लाल तुरे माणसापेक्षा उंच उभे होते.

केबल कार २,३५६ मीटरवरून आठेक मिनिटांत वर नेते. शरीराला हे कोणी कळवलेलं नसतं. सकाळी समुद्रकाठी, दुपारी अशा जागी, जिथे हवा खालच्या दोन तृतीयांश. राजगड-तोरणा एका दमात करणाऱ्या माझ्या नवऱ्याची पहिल्या पन्नास पावलांतच बोलती बंद झाली. चौकीवर रक्षकाने पासपोर्ट आणि परवाना ताडून पाहिला, घड्याळ पाहिलं आणि सोडलं.

चढ जेमतेम १६० मीटरचा. पण वीस पावलं चालायचं, थांबायचं, श्वास घ्यायचा. जून असून जाड जॅकेट अंगावर, डोकं जड. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा; पावसाने घासलेला, गवताने झाकलेला. इथला माथ्याजवळचा काळा लाव्हा हजारेक वर्षांपूर्वीचा, म्हणजे कोकणात शिलाहार राज्य करत होते त्या काळातला. कडा अजून इतक्या धारदार की आधाराला हात टेकवताना विचार करावा लागतो. माथ्याशी गंधकाचा वास येतो. दगडांच्या फटींना पिवळट-पांढरी पुटं चढलेली असतात, आणि एका फटीवर मी तळहात धरला तर आतून ऊबदार, ओलसर वाफ लागली. बाकी सगळं गारठलेलं असताना तेवढीच जागा गरम. खाली ढगांची सपाट चादर आणि तिच्यातून वर आलेली ला गोमेरा, ला पाल्मा ही शेजारची बेटं. ला पाल्मावर २०२१ मध्ये ८५ दिवस उद्रेक चालला होता, घरंच्या घरं लाव्ह्याखाली गेली. इतक्या लांबून ते बेट निवांत दिसत होतं.

आमची वेळ संपत आली, उतरलो. बस ढगांखाली आली तशी डोकेदुखीही गेली.

संध्याकाळी मीठ धरलेले उकडलेले बटाटे आणि लाल मोहो चटणी समोर आली. सासूबाईंचा पहिला प्रश्न, "वरून थोडी लाल माती आणायची नाहीस का?"

"आई, तिथला खडासुद्धा उचलायला बंदी आहे."

"मग ओरोतावाच्या लोकांना बरी मिळते!"

"त्यांना खास परवानगी असते."

"मला कुठे मिळेल ती?" त्यांनी अगदी गंभीरपणे विचारलं आणि चटणीची वाटी स्वतःकडे ओढली.