‘निवांत पोस्ट’ म्हणून पाठवलं तर आधी वळण बघा

गाड्यांच्या शर्यतीत आम्ही मार्शल होतो, म्हणजे रस्त्याकडेच्या ठरलेल्या जागेवर (पोस्टवर) उभं राहून झेंडे दाखवणारे आणि अपघात झाला तर धावणारे. ‘एकदम निवांत पोस्ट आहे, खुर्ची घेऊन जा,’ असं आयोजकांनी सांगितलं होतं. पाचव्या पोस्टवर पोचलो आणि लगेच कळलं, हे सांगणाऱ्याने ती जागा कधी पायी चालून पाहिलेलीच नाही.

शर्यत हौशी क्लबची, डोंगरचढाईची. गाड्या एकेक करून सुटतात, लढत घड्याळाशी. त्यामुळे मार्शलचं काम सोपं असेल असं वाटतं. पण आधीची गाडी वर पोचायच्या आतच मागची सुटलेली असते. वळणावर कुणी अडकलं तर मागून येणाऱ्याला थांबवायला फक्त तुमचा लाल झेंडा.

आता ही पाचवी पोस्ट. सरळ चढ, मग उंचवटा, आणि तो ओलांडला की लगेच डावं वळण. नकाशात पोस्टची खूण वळणाच्या बाहेरच्या कडेला, उंचवट्याच्या पलीकडे. पकड सुटलेली गाडी वळत नाही, सरळ जाते. म्हणजे थेट आमच्या खुर्चीत. तिथे वॉकीटॉकीवर नुसती खरखर. चौथी पोस्ट दिसत नाही. आणि झेंडा कितीही हलवला तरी उंचवटा ओलांडेपर्यंत ड्रायव्हरला तो दिसणार नाही, म्हणजे उपयोग शून्य.

आम्ही सरळ जागा बदलली. एकजण झेंडे घेऊन उंचवट्याच्या अलीकडे, आतल्या बाजूच्या बांधावर. दुसरा अग्निशामक घेऊन वळणाच्या आतल्या अंगाला, बांधाआड. वरून रेडिओही लागला. नियंत्रणकक्ष म्हणाला, ‘नकाशात तसं नाहीये.’ म्हटलं, मग नकाशा बदला, तोवर गाडी सोडू नका. कुरकुर झाली, पण थांबले.

दुपारी एका हॅचबॅकच्या मागच्या चाकांची पकड सुटली आणि गाडी बरोबर तिथेच गेली. रिकामी खुर्ची बंपरखाली. ड्रायव्हर धडधाकट. पेट्रोलचा वास येत होता आणि बॅटरीची जोडणी तोडायचा बाहेरचा स्विच सापडेना. त्या स्विचची निळ्या त्रिकोणातली लाल ठिणगीची खूण स्पर्धा-क्रमांकाच्या स्टिकरखाली अर्धी झाकलेली! तपासणीत हे कुणाच्याच नजरेत आलं नाही? सकाळी पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी गाड्या उभ्या असतात तिथे, स्वतः फिरून प्रत्येक गाडीची ती खूण आणि गाडी ओढायचा टोइंग हुक कुठे आहे ते बघून घ्या. दुसऱ्याच्या तपासणीवर विसंबू नका.

गाडीकडे धावायच्या आधी झेंडेवाल्याकडे बघा, त्याने हात केल्याशिवाय पाऊल टाकू नका. रस्ता ओलांडून तर नाहीच. १९७७ साली दक्षिण आफ्रिकेत क्यालामीच्या फॉर्म्युला वन शर्यतीत असाच उंचवटा होता. अग्निशामक घेऊन ट्रॅक ओलांडणारा तरुण मार्शल टॉम प्राइस या ड्रायव्हरच्या गाडीखाली आला, तो अग्निशामक प्राइसच्या डोक्यावर आदळला, दोघंही गेले. फॉर्म्युला वनमध्ये हे होतं, तर तीन-चार तास झोपून आलेल्या आपल्यासारख्यांचं काय घेऊन बसलात.

प्रेक्षकांचा वेगळाच ताप. लाल-पांढरी फीत म्हणजे भिंत नव्हे, आणि फोटोच्या नादात लोक नेमके बाहेरच्या कडेलाच जमतात. दोनदा नम्रपणे सांगा. तिसऱ्यांदा सांगत बसू नका, गाड्या थांबवायला लावा. आयोजक चिडतील, चिडू देत. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर नसताना पहिली गाडी सुटत असेल तर सरळ घरी निघून या, त्यात भिडेचं काही नाही.

कपडे जाड सुती घाला. सिंथेटिक आगीत वितळून अंगाला चिकटतं. लाल-पिवळा शर्ट नको, लांबून झेंडाच वाटतो. सकाळी हजेरीच्या कागदावर सही केल्याशिवाय पोस्टवर जाऊ नका, विम्याचा प्रश्न निघाला की पहिल्यांदा तोच कागद मागतात.



घटनेचा अहवाल मात्र त्याच संध्याकाळी लिहा, अंगात त्राण नसलं तरी. पोस्टचं रेखाचित्र, गाडीची पकड कुठे सुटली, ती कुठे थांबली, स्टिकर कुठे होता, सगळं. आमच्या अहवालावर ‘बघू’ एवढंच उत्तर आलंय. पुढच्या नकाशात ती खूण बाहेरच्याच कडेला दिसली तर मी जाणार नाही, आणि तुम्हीही ती पोस्ट घेऊ नका.