वेळास ते मालदोली: भरती-ओहोटीच्या हिशेबाने पाच दिवस

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवून आम्ही सावित्रीची खाडी ओलांडली आणि वेसवीला उतरलो. पुढे वाशिष्ठीच्या खाडीपर्यंतचा रस्ता एका दिवसातही संपवता येतो. आम्ही मात्र त्याला पाच दिवस दिले, कारण समुद्रकाठचे प्राणी पाहायचे असतील तर मुक्काम किलोमीटरवर नव्हे, तर भरती-ओहोटीवर ठरवावे लागतात. त्यासाठी कोकणातला जुना हिशेब पुरतो. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते, आणि तिच्यापासून सुमारे सहा तासांनी ओहोटी असते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धातली पंचमी आम्ही वेळाससाठी निवडली, ती हे गणित आधी मांडूनच.

वेळासला किमान दोन रात्री राहावे, असा माझा आग्रह आहे. ऑलिव्ह रिडले कासवांची मादी एका वेळी साधारण 100 ते 150 अंडी घालते, आणि कुत्री, कोल्हे व अंडी चोरणारी माणसे यांच्यापासून ती वाचावीत म्हणून गावातले कासवमित्र ती कुंपण घातलेल्या जागेत हलवून पुन्हा वाळूत पुरतात. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यांवर पालथ्या घातलेल्या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी उचलल्या जातात, पण पिल्ले कधी निघतील याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. पहिल्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी टोपल्यांखाली नुसती वाळू होती. दुसऱ्या संध्याकाळी अकरा पिल्ले निघाली. त्यांना पाण्यात सोडत नाहीत, तर पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवतात आणि ती स्वतः चालत जातात. एक पिल्लू लाटेने तीनदा मागे फेकले गेले, तरी दर वेळी ते पुन्हा पाण्याकडेच वळले, आणि दोरीमागे उभी असलेली सगळी माणसे तेवढा वेळ गप्प होती. दोरी ओलांडू नये, कारण आपल्या पावलांचे खड्डेही त्या जिवांना चढून जावे लागतात. मोबाइलचा दिवा तर मुळीच लावू नये, कारण उजेडाच्या दिशेने जाण्याची त्यांची उपजत ओढ असते. मुक्काम गावातल्या घरांमध्येच करावा, म्हणजे कासवे जपण्यातून गावालाही उत्पन्न मिळते. निघण्याआधी पिल्ले निघण्याचा अंदाज फोनवर विचारून घ्यावा आणि रोख रक्कम जवळ ठेवावी. गाडीत इंधन मोठ्या गावातच भरून घ्यावे.

सप्तमीला केळशी, आडे मागे टाकून दुपारी आंजर्ल्याला पोहोचलो. भरती सव्वापाचची होती, आणि पक्षी पाहण्याची वेळ तिच्या आधीचे दोन तास, कारण चढत्या पाण्याबरोबर कुरव आणि चिखल्यांचे थवे कोरड्या वाळूकडे सरकत आपल्या जवळ येतात. थव्यातून चालत जाऊ नये. एका जागी बसून राहिल्यास अधिक दिसते. खाडीच्या तोंडाशी पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुडही घिरट्या घालताना दिसला.

दुसऱ्या दिवशी कर्द्याहून डॉल्फिन पाहायला सकाळी लवकर निघालो, कारण वारा उठण्यापूर्वी पाणी शांत असते आणि पाठीचा करडा उंचवटा दुरूनही ओळखता येतो. हे हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच वावरतात. आमच्या नावाड्याने प्रथम बोट त्यांच्या मागे घातली, तेव्हा ते बुडी मारून दूर गेले. यंत्र बंद करायला सांगितल्यावर दहाएक मिनिटांत तीन डॉल्फिन आपणहून जवळून गेले. बोटीत बसण्यापूर्वीच ही अट घालावी आणि जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे.

नवमीला दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरून मालदोली गाठली. या फेऱ्या रात्री बंद असतात, हे लक्षात ठेवावे. हिशेबाने ओहोटी पाऊण वाजता होती, पण खाडीत जितके आत जावे तितकी ती उशिरा येते, म्हणून बोट दीडला घेतली. उघड्या पडलेल्या चिखलावर मगरी उन्हाला पडल्या होत्या. त्यांचे रक्त थंड असल्यामुळे थंडीच्या दिवसांत दुपारच्या ओहोटीला त्या हमखास बाहेर येतात. कांदळवनाच्या मुळांशी पडलेली एक मोठी मगर मला आधी ओंडकाच वाटली. तिने डोळे उघडले, सावकाश वळली आणि पाण्यावर तरंगही न उठवता खाली गेली.